एका कापडाचे बारा तुकडे

इंडोनेशियातल्या एका दूरच्या बेटावरच्या म्हातारीनं आपल्याला पुरताना गुंडाळायचं कापड स्वतःच्या हातानं विणून ठेवलं होतं, आणि आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळींनी त्याचे बारा समान तुकडे करून फ्रेममध्ये बसवले. समान होते हे मुद्दाम सांगते. मोजपट्टी लावून कापले होते. म्हातारीला मरायच्या आत तिचं कापड परत मिळतं की नाही, एवढीच ही गोष्ट आहे. आम्ही किती थोर आहोत ते ओघात येईलच.

सुरुवात माझ्या मुलीच्या कॉलेजपासून झाली. ती तेव्हा अकरावीत होती आणि तिच्या आयुष्यात तोवर कसलंही संकट आलेलं नव्हतं. आमच्या भागात ही मोठीच अडचण. कॉलेजच्या अर्जाला निबंध जोडावा लागतो, आणि त्यात पोरानं जगाचं थोडंफार भलं केलेलं दिसावं लागतं. मार्क सगळ्यांनाच असतात, पियानो सगळ्यांनाच येतो. समोरच्या घरातल्या मुलीनं पंधराव्या वर्षी निराधार विधवांसाठी संस्था काढली होती. आमच्या घरात विधवा एकच, माझ्या सासूबाई, आणि त्यांना संस्थेची गरज नव्हती. त्यांना दिवसभर सोबतीला एक बाई हवी होती आणि ती आम्ही ठेवली होती.

ही बाई त्या बेटावरची. जकार्तामधल्या एका घरी कामाला होती, त्या कुटुंबाची शिकागोला बदली झाली तेव्हा त्यांच्याबरोबर आली, आणि पुढे इथल्याच एका स्वयंपाक्याशी लग्न करून राहिली. नऊ वर्षांत घरी गेली नव्हती. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या, साताऱ्याकडच्या, इंग्रजीचा गंध नाही. बाईचं इंग्रजी जेमतेम. दोघींनी मिळून मराठीवर तडजोड केली. सहा महिन्यांत ती बाई माझ्या मुलीपेक्षा बरं मराठी बोलायला लागली. त्याला फार कष्ट पडत नाहीत ही गोष्ट वेगळी. सासूबाईंना ती आज्जी म्हणायची आणि मला ताई.

दुपारी सासूबाईंचे पाय चेपता चेपता ती गावाबद्दल सांगायची. डोंगराच्या कडेला चाळीस घरं. मका, रताळी, मासे. पाणी आणायला खाली अर्धा तास, वर पाऊण तास. शाळा चौथीपर्यंत, पुढची शिकायला होडीनं पलीकडच्या बेटावर, आणि समुद्र खवळला की शाळा बंद. बाळंतपण अडलं तरी तीच होडी. तरणी पोरं मलेशियात पामच्या मळ्यांवर जातात आणि काही परत येतात. मोबाइलला रेंज फक्त दफनभूमीच्या टेकडीवर, त्यामुळे आया आपल्या परदेशातल्या पोरांशी थडग्यांवर बसून बोलतात. सासूबाई म्हणायच्या, "आमच्याकडं तरी काय निराळं होतं गं." दोघींचं असं एकमेकींवर दुःखं ओतणं मजेत चाललं होतं.

माझ्या मुलीनं एकदा हे ऐकलं आणि तिचे डोळे चमकले. इतकं सगळं वाईट एकाच गावात, आणि तेही आपल्याच फॅमिली रूममध्ये. आठवड्याभरात तिनं वीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन बनवलं. त्यात त्या गावाचं भवितव्य होतं. आव्हानं लाल रंगात, संधी हिरव्या रंगात. पर्यटन, ऑनलाइन विक्री, डिजिटल शिक्षण. वीज संध्याकाळी चार तास असते हे बाईनं सांगितलं होतं, पण ते हिरव्यात बसेना म्हणून गाळलं. मीही तिला तीनचार बाण काढून दिले. गेली वीस वर्षं मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. बाण काढण्यावरच माझं घर चालतं.

मग मराठी मंडळाची मीटिंग आमच्या घरी झाली. अध्यक्षकाका म्हणजे निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. पन्नास वर्षांपूर्वी आले तेव्हा इथे हिंग मिळत नव्हता, हे ते प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतात. त्यांनी मोठ्या मनानं बाईला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं आणि विचारलं, "तुमच्या गावाला सगळ्यात जास्त कशाची नीड आहे? मोकळेपणानं सांगा."

बाई म्हणाली, "होडीला इंजिन. जुना बंद पडतो."

काका म्हणाले, "उद्या बोट बुडाली तर? लायबिलिटी कुणाची? लॉयर्स आपल्याला सोडणार नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या खाडीतल्या कोळ्यांचे लॉयर्स नेपरव्हिलला येऊन आम्हाला कोर्टात खेचणार, हे आम्हाला सहज पटलं.

बाई हात पुसत म्हणाली, "काका, मोठं देऊ नका. लहान द्या. मुलांना चॉकलेट द्या. मोठं नको."

तिच्या नम्रतेनं आम्ही अगदी भारावलो. एका काकूंना पाणी आलं डोळ्यांत. एवढं निरिच्छ गाव म्हटल्यावर त्याला मोठंच काहीतरी द्यायला हवं यावर एकमत झालं. मका आणि वाल शिजायला तिथे तीन तास लागतात, लाकडं जळतात, हे प्रेझेंटेशनमध्ये होतंच. त्यावर मराठी माणसाच्या डोक्यात एकच उत्तर येतं. चाळीस घरांना चाळीस प्रेशर कुकर. एका सभासदाचे मेहुणे जकार्तात होते, त्यांनी ते विकत घेऊन आधी जहाजानं आणि मग त्याच बंद पडणाऱ्या होडीनं पाठवले. वाटपाचा व्हिडिओ आला. चाळीस बायका ओळीत, प्रत्येकीच्या कडेवर कुकर. आम्ही तो गणपतीत स्टेजवर दाखवला आणि टाळ्या वाजवल्या. पहिली शिट्टी झाली तेव्हा अर्धं गाव घराबाहेर पळालं आणि मग झाकणं काढून त्यांनी नुसती भांडी वापरायला घेतली, हे बाईनं सासूबाईंना सांगितलं होतं. स्टेजवर आम्ही तो भाग घेतला नाही.

दोन महिन्यांनी गावाकडून मंडळाच्या नावानं एक पार्सल आलं. मी सेक्रेटरी, म्हणून पत्ता माझा. आत एक कापड होतं. माझ्या उंचीपेक्षा लांब, जड, गडद निळं आणि विटकरी, आणि त्यात उभ्या पट्ट्यांमध्ये आकृत्या. माणसं असावीत, होड्या असाव्यात, काही ओळखू येत नव्हतं. सोबत चिठ्ठीचपाटी काही नव्हतं. ज्या एका माणसाला विचारता आलं असतं ती बाई त्या वेळी घरी नव्हती. नवऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं म्हणून तिनं दोन आठवडे रजा घेतली होती. आम्हालाही दोन आठवडे थांबता आलं असतं. पण दिवाळीचा कार्यक्रम तोंडावर आला होता आणि अजेंड्यावर आभारप्रदर्शनाला दहा मिनिटं ठेवलेली होती.

कापड ठेवायचं कुणी यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही, अजून एकमेकांच्या घरी जेवायला जायचं आहे. प्रत्येकाचं म्हणणं होतं की आपल्याला मुळीच नको, फक्त अमक्याकडे जाऊ नये. शेवटी मीच तोडगा काढला. मुख्य देणगीदार बारा कुटुंबं, तर बारा तुकडे. काचेच्या फ्रेम, खाली पितळी पट्टी, त्यावर मंडळाचं नाव. तोडगा सगळ्यांना इतका आवडला की काका म्हणाले, "याला म्हणतात मॅनेजमेंट." आमच्या डायनिंग टेबलवर, माझ्या ब्लाउज बेतायच्या कात्रीनं, मी स्वतः ते कापलं. कापड चिवट होतं. अंगठ्याला फोड आला तो मी दोन दिवस सगळ्यांना दाखवला.

बाई रजेवरून आली तेव्हा आमची फ्रेम हॉलमध्ये लागली होती. मी तिला कौतुकानं समोर उभं केलं आणि म्हटलं, "बघ, तुझ्या गावचं. आता बारा घरांत लागलंय."

ती म्हणाली, "छान आहे, ताई." आणि सासूबाईंची पेज गरम करायला गेली.

त्या दिवसापासून ती रोज ती फ्रेम पुसायची. पुसणं तिच्या कामात नव्हतं, म्हणून मला फारच बरं वाटलं.

मुलीचा निबंध उत्तम झाला. चाळीस कुकरांनी एका गावाचं आयुष्य कसं बदललं आणि त्या गावानं तिला कृतज्ञता कशी शिकवली, असा शेवट होता. हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. गावाच्या भवितव्याचं काय झालं ते स्लाइड्सना ठाऊक, मुलीचं मात्र झालं. ऑगस्टमध्ये ती गेली आणि जाताना आठवण म्हणून ती फ्रेम होस्टेलच्या खोलीत लावायला घेऊन गेली. हॉलच्या भिंतीवर खिळा राहिला.

जानेवारीत एका संध्याकाळी मी स्टेशनवरून आले, बुटांवरचं बर्फ झटकत होते, तर सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसलेल्या. "ती पोर आठ दिवस झाले त्या खिळ्याकडं बघत बसते," त्या म्हणाल्या. "आज मी तिला बोलती केली. आत ये, तुला सांगते तुम्ही काय करून ठेवलंय."

बाई सोफ्याच्या कडेवर बसली होती. तिनं डोळे वर केले नाहीत. सासूबाई सांगत होत्या आणि राहिलेलं ती भरत होती.

तिच्या गावात आलेल्या भेटीला उत्तर द्यावंच लागतं. जेवढी भेट मोठी तेवढं उत्तर मोठं. देता आलं नाही तर जिवंत माणसांपुढे मान खाली जातेच, मेलेल्या वाडवडिलांपुढेही जाते. एरवी डुक्कर देतात. अमेरिकेला डुक्कर कसं पाठवणार? चाळीस कुकरांच्या तोडीचं काय आहे, याचा विचार करत गावची म्हातारी माणसं दोन दिवस बसली. तेवढं भारी कापड गावात एकच होतं. ते बाईच्या आईनं दोन वर्षं कंबरेला माग बांधून विणलं होतं, सूत आधी गाठी मारून रंगवून, स्वतःच्या मरणासाठी. त्यातल्या आकृत्या त्यांच्या घराण्याच्या. कोण कुणापासून जन्मलं, कुठल्या होडीतून आलं, सगळं ओळीनं. त्यात गुंडाळून पुरलं की पलीकडचे वाडवडील ते वाचतात आणि आपलं माणूस म्हणून आत घेतात. म्हातारीनं आपण होऊन पेटीतून काढून दिलं. म्हणाली, दुसरं विणीन. मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. आता छातीचा आजार झाला होता आणि ती रोज रिकामी पेटी उघडून चाचपत होती, असं भाऊ टेकडीवरून सांगत होता.

"अगं पण तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"दिलेलं परत मागत नाही, ताई."

"आधी तरी सांगायचं. मीटिंगमध्ये."

"सांगितलं. मोठं देऊ नका."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं, आपण तरी कुणाचं भांडं रिकामं परत करतो का?"

नाही करत. तीस वर्षं या देशात आहे, शेजारणीचा डबा मी एकदाही रिकामा पाठवलेला नाही. काहीच नसेल तर चमचाभर साखर घालते. दुसऱ्या कुणालाही तसंच वाटत असेल, हे मात्र त्या वीस स्लाइड्समध्ये एका बाणालाही सुचलं नव्हतं. मला लाज वाटली. इतकी की त्या रात्रीचं जेवण मी उभ्यानंच उरकलं.

मग मी घरोघर फिरले. कुणाची फ्रेम पियानोवर होती, कुणाची जिन्यात, एकाची पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, टॉवेलच्या वर. कापड मृत्यूचं आहे म्हटल्यावर दोन घरांतून ते चिमट्यात धरून बाहेर आलं आणि एकीनं मला अंगणातच थांबवलं, घरात सत्यनारायण होता म्हणे. एकानं विचारलं, बदल्यात काय मिळेल? काका म्हणाले, "हे मंडळाचं असेट आहे. ठराव लागेल. क्वोरम लागेल." ते क्वोरम समजावत असताना काकूंनी मागच्या मागे स्टुलावर चढून फ्रेम उतरवली आणि पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिली. प्रत्येक घरी मी दोन शब्द सुनावलेच. आपल्याला काही संवेदना आहे की नाही, असं मी अकरा घरांत म्हणाले. अकरा तुकडे जमले.

बारावा आमचा. मी मुलीला फोन केला.

"ओह," ती म्हणाली. "आई, डोन्ट बी मॅड. डिसेंबरमध्ये आम्ही रूम चेंज केली ना. आय थिंक इट वेन्ट इन द डोनेशन पाइल."

"कसल्या पाइलमध्ये?"

"लाइक, लॅम्प्स, हँगर्स, तसलं. आय सेड आयॅम सॉरी. मला कुठे माहीत होतं? तूच तर कट केलंस."

तिनं दोनचार ठिकाणी विचारलं असं ती म्हणते. नाही सापडला. बाईला मी खरं ते सांगितलं. सासूबाईंना सांगायचा धीर झाला नाही. आपल्याच नातीनं तो दिव्यांबरोबर आणि हँगरांबरोबर टाकून दिला, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, तिच्याकडे आहे, सुटीत घेऊन येईल.

सासूबाई काचा बाजूला करून अकरा तुकडे मांडून बसल्या. आयुष्यभर गोधड्या शिवलेला हात. बोटं वाकडी झाली होती तरी टाका सुटत नव्हता. क्रम मात्र कुणालाच माहीत नव्हता. कापड विणलं तेव्हा बाई इथे होती, तिला सुरुवातीची होडी आणि शेवटचं एक माणूस तेवढं ओळखता आलं. बाकीचं आम्ही रंग बघून जुळवलं. रिकाम्या जागी सासूबाईंनी आपल्या एका हिरव्या लुगड्याचा तुकडा लावला. "तोवर राहू दे," म्हणाल्या, "खिंडार बरं दिसत नाही." पाच दिवसांत त्यांनी ते पुरं केलं आणि सहाव्या दिवशी बाई ते हातातल्या पिशवीत घालून विमानात बसली. तीन विमानं, एक बस, आणि मग ती होडी. म्हातारी जिवंत सापडेल की नाही या धास्तीनं सासूबाई आणि मी आठवडाभर घरात एकमेकींशी नीट बोललोसुद्धा नाही.

ती गेल्यावर आठव्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. त्यांच्याकडे सकाळ होती. पडद्यावर आधी खूप आभाळ, मग एक दगडी क्रूस, मग बाई. मागे खुर्चीत म्हातारी. पुतण्यांनी खुर्चीसकट टेकडीवर उचलून आणली होती. मांडीवर ते कापड. मी फोन सासूबाईंच्या तोंडासमोर धरला. सासूबाई तिला न्याहाळत होत्या.

म्हातारीचं बोट शिवणीवरून फिरत होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटानंच वाचत होती. ती काहीतरी म्हणाली आणि मागची माणसं हसली. बाईनं आमच्यासाठी मराठी केलं. "आई म्हणते, सगळं उलटसुलट झालं. यात तिचे आजोबा तिच्या नंतर जन्मले. वरचे लोक विचारतील, तू कुठली. पण सांगीन म्हणते, वेळ खूप आहे तिथे."

सासूबाई हसल्या. मलाही बरं वाटलं. मिळालं होतं तिला तिचं कापड.

तेवढ्यात म्हातारीचं बोट हिरव्या तुकड्यावर थांबलं. सूत वेगळं लागलं असणार. तिनं काहीतरी विचारलं. बाईनं पडद्यातून एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मग आईला तिच्या भाषेत बराच वेळ समजावून सांगितलं. म्हातारीचा चेहरा उजळला. ती पुढे वाकली, अगदी कॅमेऱ्यापर्यंत, आणि सासूबाईंना उद्देशून बोलली.

"मी सांगितलं," बाई म्हणाली, "तो एक आज्जीनं ठेवून घेतला, आणि बदली आपल्या साडीचा दिला. आई खूश झाली. म्हणते, बरं केलं. तुमचा तुकडा नीट ठेवा म्हणते. जायच्या वेळी अंगावर घ्या. म्हणजे वर तुम्ही दोघी ओळखाल."

सासूबाईंनी पडद्याकडे बघून हात जोडले. मग माझ्याकडे वळल्या.

"पोरीनं ठेवलाय ना गं नीट?"

मी हो म्हटलं.